नांदून आलेलीला विचारा

आमच्या आत्याने जन्मभर लोकांची लग्नं जुळवली आणि स्वतः मात्र बिनलग्नाची राहिली. यावरून कोणी खोचकपणे बोललं की ती म्हणते, "मिठाईवाला आपल्या दुकानातली मिठाई खात नाही." मग ती त्याच्या मुलाचं वय विचारते आणि त्याला गिऱ्हाईक करून टाकते.

तिचं ऑफिस म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एक टेबल, टेबलामागे तिची खुर्ची, समोर पाहुण्यांसाठी कोच. खुर्ची तिने खिडकीकडे पाठ करून ठेवली आहे, म्हणजे उजेड समोरच्याच्या तोंडावर पडतो. माणूस काय सांगतो ते कानांनी ऐकायचं आणि काय लपवतो ते डोळ्यांनी बघायचं, असं तिचं म्हणणं. कोचाच्या स्प्रिंगा कधीच्याच गेल्या आहेत. त्या ती मुद्दाम दुरुस्त करत नाही, कारण अवघडून बसलेला माणूस लवकर मुद्द्यावर येतो. मी त्या कोचावर बसून तिच्याशी बऱ्याचदा भांडले आहे आणि प्रत्येक वेळी कंबर धरून उठले आहे.

कॉलेजसाठी म्हणून मी तिच्याकडे राहायला आले ती तिथलीच झाले. आई-बाबा दूर गावी. शिकले, इंग्रजीची शिक्षिका झाले, जवळच्या शाळेत लागले. संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवणारा एक वर्गही घ्यायला लागले. त्या वर्गातून शिकून नर्स परदेशी गेल्या, स्वयंपाकी गेले, एक सुतार गेला. सुतार बर्फात उभं राहून काढलेले फोटो पाठवायचा आणि खाली लिहायचा, बाई, हे तुमच्यामुळे. आणि बाई इकडे फळ्यासमोर उभ्या राहून, जन्मात न पाहिलेल्या स्टेशनवर तिकीट कसं मागायचं ते शिकवत होत्या. मला याचा राग यायचा. राग मला तसा पुष्कळ गोष्टींचा येतो, पण हा राग खरा होता.

शेवटी मी ठरवलं की आपणही जायचं. परदेशातल्या एखाद्या शाळेत इंग्रजी शिकवायचं. बाबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आयुष्यात प्रत्येक अवघड प्रश्नाला जे उत्तर दिलं तेच याही वेळी दिलं.

"आत्याला विचार. ती हो म्हणाली तर माझी ना नाही."

आत्याचं हो मिळवणं आधीच अवघड, त्यात मी गेले की त्या घरात ती एकटी उरणार होती. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि विषय निघाला त्या सकाळी आम्ही दोघींनीही तो शब्द काढला नाही. तिने चष्मा पुसत एवढंच विचारलं, "स्थळं किती आहेत?"

"स्थळं नाहीत गं आत्या. नोकऱ्या आहेत."

"लांबच्या घरी जायचं, अनोळखी माणसांत राहायचं, त्यांच्या पद्धतीने वागायचं, आणि पटलं नाही तर माघारी यायला तोंड नाही. मग स्थळ नाही तर काय आहे?"

हल्ली तिच्या धंद्यात मंदी होती. मुलं-मुली आपापलं फोनवर जमवतात आणि आईबापांना शेवटी कळवतात. त्यामुळे कोचावर माणसांपेक्षा जुनी वर्तमानपत्रंच जास्त बसलेली असायची. हात रिकामे, डोकं तल्लख, आणि समोर भाची. आत्याने माझ्या नोकरीचं काम अंगावर घेतलं ते असं काही, की मला अर्ज करायलाही तिची परवानगी लागायला लागली.

पहिली चाळणी मला स्वतःलाच लावावी लागली. निम्म्याहून जास्त जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलं असायचं, की इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा अमुक देशांतल्याच लोकांनी अर्ज करावा. मी चिडून आत्याला वाचून दाखवलं. एवढी वर्षं शिकवतेय, प्रमाणपत्रं आहेत, आणि पासपोर्टाचा रंग बघून दारातूनच परत पाठवतात.

"म्हणजे घराणं बघतात," आत्या म्हणाली. "मुलगी नाही बघत. सोड ती स्थळं. तिथे गेलीस तरी जन्मभर टोमणे ऐकशील."

मला तिचा हा निकाल अपमानावर फुंकर घालण्यासारखा वाटला, आणि बरंही वाटलं.

उरलेल्यांतलं पहिलं स्थळ मला फार आवडलं होतं. मोठ्या शहरातली इंग्रजीच्या वर्गांची एक साखळी. काचेची उंच इमारत, रंगीत खुर्च्या, आणि प्रत्येक फोटोत खदखदून हसणारी मुलं. मुलाखत झाली, त्यांनी लगेच पसंती कळवली. मी लॅपटॉप आत्यासमोर धरला. तिने चष्मा नाकावर खाली ओढून एकेक फोटो पाहिला.

"देखणं आहे," ती म्हणाली.

तिच्या भाषेत हे काही कौतुक नव्हे. देखणं आहे म्हणजे अजून काहीच कळलेलं नाही. दुपारी तिने लॅपटॉप मागून घेतला. इंग्रजी तिला येत नाही, पण जन्मभर फोटो पाहण्यात घालवलेली बाई ती, तोंड एकदा पाहिलं की विसरत नाही. संध्याकाळी मी वर्गावरून आले तर तिने मला टेबलाशी बोलावलं.

"ही दातांत फट असलेली मुलगी बघ. तू मागच्या आठवड्यात दाखवलेल्या त्या दुसऱ्या शाळेत पण हीच आहे. आणि तो समुद्रकाठचा देश होता ना, तिथेही. बिचारीची किती ठिकाणी बदली होते."

खरंच तीच मुलगी होती. विकत घेतलेले फोटो. मी म्हटलं, सगळेच घेतात, त्यात काय एवढं. आत्या म्हणाली, "घेऊ देत. पण स्वतःच्या शाळेतलं एकही पोर हसताना सापडलं नाही का?"

मग तिने मला त्यांच्या जुन्या जाहिराती शोधायला लावल्या. सापडल्या. तीच जागा, तोच मजकूर, वर्षातून दोन-तीनदा.

"याच्या गुडघ्याला कायमचंच बाशिंग दिसतंय," आत्या म्हणाली. "येणारी टिकत नाही. आता एक काम कर. आधीची का गेली ते विचार, आणि तिचा फोन नंबर माग."

"असं विचारतात का कुठे?"

"घर कसं आहे हे घरच्यांना विचारून कधी कळलंय? नांदून आलेलीला विचारावं."

मी लाजत लाजत लिहिलं. त्यांचं लांबलचक उत्तर आलं. त्यात आधीच्या शिक्षिकेचा नंबर नव्हता, नावही नव्हतं, पण आम्ही सगळे इथे एका कुटुंबासारखे राहतो हे मात्र चार वेळा होतं. मी आत्याला सांगितलं. तिने हात जोडले.

"कुटुंबासारखे राहतो असं आधीच सांगतात ना, तिथे सून उष्टी काढत बसते आणि बाकीचे जेवून झोपलेले असतात. नको."

मला ते स्थळ सोडताना वाईट वाटलं. ती काचेची इमारत मला अजूनही आठवते.

दुसरं स्थळ एका एजंटामार्फत आलं. तो आमच्याच भाषेत बोलायचा आणि आवाज असा, की नकार द्यायला जीव होऊ नये. श्रीमंत देश, भरघोस पगार, स्वतंत्र फ्लॅट, विमानाचं तिकीट. आत्याने फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि आपल्या खुर्चीत सरसावून बसली.

"ताई, अशी जागा पुन्हा यायची नाही," एजंट म्हणाला.

आत्याने मान डोलावली.

"आणखी दोघी तयारच आहेत. पण तुमची मुलगी मला जास्त योग्य वाटते, म्हणून आधी तुम्हाला सांगतोय. फक्त उद्यापर्यंत कळवा."

आत्या इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. "भाऊ," ती म्हणाली, "ही वाक्यं मी तुमच्या जन्माआधीपासून वापरतेय. आवाज मात्र तुमचा माझ्यापेक्षा गोड आहे. किती वर्षं आहात धंद्यात?"

तिकडून तोही हसला. पुढचा बराच वेळ दोघांनी माझ्या नोकरीविषयी चकार शब्द काढला नाही. दोन्ही बाजूंकडून दलाली घ्यावी की एकाच, लोक काम झाल्यावर ओळख कशी विसरतात, फोन कसे उचलत नाहीत, हेच चाललं होतं. मी कोचावर बसून कंबर चोळत होते. शेवटी आत्या म्हणाली, "बरं, आता धंद्यातलं माणूस म्हणून एकच सांगा. तुमची सख्खी बहीण असती तर पाठवली असती तिथे?"

एजंटाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"बहिणीला नको, ताई," तो म्हणाला. "पासपोर्ट ते स्वतःजवळ ठेवून घेतात."

"देव तुमचं भलं करो," आत्या म्हणाली, आणि जाताजाता त्याच्या धाकट्या भावासाठी एक मुलगीही सुचवून ठेवली. पुढे ते लग्न झालंसुद्धा. मी मात्र तिथल्या तिथे होते.

तिसऱ्या ठिकाणी मी अर्ज केला होता तो केवळ आकडा वाढावा म्हणून. डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव, थंडी भरपूर, पगार बेताचा. शाळेची इमारत जुनी, आणि शिक्षकांच्या खोल्या शाळेच्याच वरच्या मजल्यावर. वेबसाइटवर एकच फोटो होता आणि तोही तिरका. मुलाखत घ्यायला मुख्याध्यापिका स्वतः आल्या. केस बारीक कापलेले, चेहरा करारी. इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हती. त्या शब्द जपून, जागच्या जागी ठेवत बोलायच्या. आत्या कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी टेबलाच्या कडेला, हातात फूटपट्टी घेऊन बसली होती. मी फार बोलायला लागले की ती मला कोपरावर टोचायची.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, वर्ग गप्प बसला, कोणी तोंडच उघडलं नाही, तर काय कराल? पुस्तकात याची छान छान उत्तरं आहेत. पण मला सुतार आठवला. तो महिनाभर वर्गात एक शब्द बोलला नव्हता. शेवटी मी त्याला वर्गातलं डुगडुगणारं टेबल दुरुस्त करायला सांगितलं आणि प्रत्येक गोष्टीला तुम्ही काय म्हणता ते मला सांगा म्हटलं, तेव्हा त्याची वाचा फुटली. मी हे सांगितलं. बाईंनी मान हलवली. बाई खूश झाल्या की नाही, ते मला काही कळलं नाही.

मुलाखत संपत आली तेव्हा फूटपट्टी टोचली. "स्वयंपाकघर दाखवायला सांग."

"कसलं स्वयंपाकघर? शाळा आहे ती," मी ओठ न हलवता म्हटलं.

"मग मास्तर लोक जिथे बसतात ते दाखव म्हणावं. दिवाणखाना सगळेच दाखवतात."

मी कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन विचारलं. मुख्याध्यापिकांनी भुवया उंचावल्या, आणि लॅपटॉप उचलला. पडद्यावर छत दिसलं, मग जिना, मग बाईंचे बूट, मग एक दार. आत एक शिक्षक समोरच्या खुर्चीवर पाय टाकून डबा खात होता. एक बाई वह्या तपासत होती, तिने लाल पेन हलवून आम्हाला नमस्कार केला. कोपऱ्यातल्या हीटरवर कोणीतरी ओला हातरुमाल वाळत घातला होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, हा मोडलाय, मी महिनाभर दुरुस्तीवाल्याच्या मागे लागलेय, तो येत नाही. पाय टाकून बसलेला शिक्षक तोंडात घास असतानाच म्हणाला, येणारही नाही. सगळे हसले, बाईसुद्धा.

कॉल संपल्यावर आत्या म्हणाली, "मोठ्या बाई आत आल्या तरी त्याने पाय खाली घेतले नाहीत."

"बेशिस्त आहे ना?"

"घाबरत नाहीत तिला. आणि तरी वह्या तपासून होताहेत." ती फूटपट्टी टेबलावर ठेवून उठली. "आधीच्या बाईचा नंबर माग."

या वेळी नंबर त्याच दिवशी आला. सोडून जाणारी शिक्षिका माझ्याहून थोडी मोठी असेल. तिच्या मागे अर्धवट भरलेल्या बॅगा दिसत होत्या. ती इंग्रजीत बोलत होती आणि मी आत्याला सांगत होते. ती म्हणाली, थंडी वाईट आहे. तिसरीचा वर्ग म्हणजे वानरसेना आहे. काही पालक न सांगता येऊन मागच्या बाकावर बसतात आणि तासाला झोपतात. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे. पगार बेताचा असला तरी ठरल्या दिवशी होतो. आत्या या सगळ्यावर फक्त हं हं करत होती. मग तिने विचारायला लावलं, "एवढं सगळं ठीक आहे तर सोडून का चाललीस?"

ती मुलगी म्हणाली, घरी आई एकटी आहे.

मी थांबले. मला वाटलं, हे गाळावं. घरगुती कारण आहे म्हणावं आणि पुढे जावं. पण आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि उजेड माझ्यावर होता.

"तिची आई घरी एकटी आहे. म्हणून," मी म्हटलं.

आत्याने टेबलावरचा पेला उगाच सरळ केला. "विचार तिला, आईने बोलावलं की ही आपणहून चालली?"

मी विचारलं. मुलगी कसंनुसं हसली. म्हणाली, आपणहून. आई तर रागावली आहे, मला न विचारता आलीस तर दार उघडणार नाही म्हणते. आत्याला हे फार आवडलं. ती म्हणाली, "तिला सांग, आई दार उघडेल. पण पहिले दोन दिवस बोलणार नाही, तेवढं सोसावं." मी सांगितलं, आणि ती मुलगी हसता हसता डोळे पुसायला लागली. म्हणाली, मी निघणार हे कळल्यापासून तिसरीतली मुलं शहाण्यासारखी वागताहेत, आणि तेच मला सहन होत नाहीये.

मला वाटलं, झालं, आता होकार. माझं मन त्या मोठ्या खिडकीपाशी जाऊन बसलं होतं. शाळेने शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. आत्या मात्र म्हणाली, "थांब जरा."

ती थांब जरा म्हणाली ते म्हणतच राहिली. आधी तिने डॉक्टरांना गाठून माझ्या छातीविषयी विचारलं. मग सुताराला फोन लावून बर्फात बूट कुठले घालतात, बोटं काळी पडतात का, हे तासभर विचारलं. मग म्हणाली, त्या गावात दवाखाना किती लांब आहे ते बघ. मग पुन्हा हीटर. गुरुवारी सकाळी ती चादरींच्या घड्या घालत होती आणि मी समोर उभी होते. हीटरविषयी अजून एकदा विचारून घे, असं ती म्हणाली, आणि माझं डोकं फिरलं.

"तुला मला पाठवायचंच नाहीये," मी म्हटलं. "नाही तर नाही, पण तसं सरळ सांग ना. दोष कशाला काढत बसतेस?"

"नाही पाठवायचं," आत्या म्हणाली.

एवढ्या सरळ उत्तराची मला तयारी नव्हती. तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, म्हणजे घडीला दुसरी बाजू कोणीतरी धरावी म्हणून.

"तू गेलीस की या घरात बोलायला मी आणि ती भिंत. मला अजिबात नको आहे तू जायला. म्हणून तर उशीर लागतोय. दुसऱ्याची मुलगी असती तर मी त्याच दिवशी हो म्हणून मोकळी झाले असते. तुझ्या बाबतीत जरा कुठे खुट्ट झालं की मला कळेनासं होतं, की हा दोष खरा आहे, की मला हवा आहे म्हणून दिसतोय? त्या हीटरला मी किती दिवस धरून बसले. शेवटी म्हटलं, अगं बये, तुझ्या न्हाणीघरातला गिझर दोन वर्षं बंद आहे, त्याचं काय? मग हीटर सोडला. थंडी धरली. डॉक्टर म्हणाले, मुलगी घोड्यासारखी धडधाकट आहे. थंडीही सोडली. दवाखाना धरला, तो निघाला शाळेच्या मागच्याच गल्लीत. आज पुन्हा हीटर धरून बघितला. आता धरायला काही उरलं नाही."

आमच्या हातांत चादर तशीच होती. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, त्यातलं आधी काय येऊ द्यावं ते समजत नव्हतं.

"मग मी नाही जात," मी म्हटलं. ते मला मनापासून म्हणायचं होतं की नुसतं तोंडातून निघालं, कोण जाणे.

"गप्प बस. एवढी चौकशी करून चांगलं स्थळ सोडलं तर धंद्यात माझं नाक कापलं जाईल."

तिने चादर माझ्या हातातून घेतली, घडी घातली, कपाटात ठेवली आणि बाबांना फोन लावला. मुलीच्या बापांना ती ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात म्हणाली, "दादा, मी सगळी चौकशी केली. माणसं चांगली आहेत. मुलगी द्यायला हरकत नाही." फोन ठेवला, चष्मा काढला आणि खुर्चीत बसून मनसोक्त रडली. तिचं रडणं तिच्या बोलण्यासारखंच, उघडं. मी शेजारी बसून तिची पाठ चोळत राहिले. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि चहा टाकायला सांगितला.

शुक्रवारी मुख्याध्यापिकांना फोन लावायचा होता. मी केस विंचरून तयार बसले. पाहते तर आत्या आपली खुर्ची ओढून माझ्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर येऊन बसली.

"आज मला बोलायचंय. तू फक्त सांगायचं काम कर."

तेव्हा मला धडकी भरली. लग्न ठरवताना होकार कळवायच्या दिवशी आत्या आपल्या बाजूचे दोष समोरच्यांना सांगून टाकते. अख्ख्या धंद्यात असं कोणी करत नाही. यावरून मुलींचे बाप तिच्याशी भांडले आहेत, एकाने तर कोचावरची उशी फेकून मारली होती. तिचं म्हणणं एकच. दोष नंतर कळणारच, मग ते आपल्या माणसाने, मायेने सांगितलेले बरे.

मुख्याध्यापिका पडद्यावर आल्या. मी म्हटलं, माझ्या आत्याला काही सांगायचं आहे. त्यांनी आत्याकडे पाहून मान लववली आणि पेन हातात घेतलं.

"ही सकाळी बोलत नाही," आत्या म्हणाली. "चहा पोटात जाईपर्यंत हिला कोणी काही विचारू नये."

मी माझ्याच तोंडाने ते इंग्रजीत सांगितलं. मुख्याध्यापिकांनी लिहून घेतलं.

"राग पटकन येतो, पटकन जातो. मधल्या वेळात जे बोलते ते धरून बसू नये."

तेही सांगितलं. त्यांनी तेही लिहिलं, अगदी गंभीरपणे.

"स्वतःच्या वस्तू स्वतःच कुठेतरी ठेवते आणि दुसऱ्याने हलवल्या म्हणते."

"आत्या, पुरे."

"सांग."

सांगितलं. बाईंच्या तोंडावर हसू आलं होतं. मला वाटलं, चला, निभावलं. तेवढ्यात आत्या जरा पुढे झुकली.

"आणि ही रडते तेव्हा कोणाला कळू देत नाही. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून ठेवते. नळ बराच वेळ वाहत असला, तर दार वाजवायचं. एकदा वाजवून उघडत नाही. वाजवत राहायचं."

मी आत्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या नळावर माझा केवढा भरवसा होता. आणि या बाईने इतकी वर्षं दार वाजवून मला काय काय विचारलं होतं, टॉवेल हवाय का, साबण संपलाय का, दूध उतू चाललंय, जरा ये.

मुख्याध्यापिका पेन धरून थांबल्या होत्या. मला ते सांगवेना. मी म्हटलं, आत्या म्हणते की मी पाणी जरा जास्त वापरते. बाई मोठ्याने हसल्या.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हसल्या कशाला? यात हसण्यासारखं काय होतं? नीट सांग."

मग मी नीट सांगितलं. दिवसाचे कितीतरी तास मी लोकांना इंग्रजी बोलायला शिकवते, आणि ती दोन-तीन वाक्यं माझ्या तोंडातून अडखळत, चुकत बाहेर पडली. मुख्याध्यापिकांचं हसू थांबलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, आत्याकडे पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतात त्या?" आत्याने विचारलं.

"म्हणतात, त्या माझ्या शेजारच्याच खोलीत राहतात. नळाचा आवाज त्यांना भिंतीतून ऐकू येतो."

आत्याने खुर्ची मागे घेतली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग हो म्हणून सांग," ती म्हणाली.